तान्ह्याचे पहिले खेळणे

घरात बाळ जन्मले की आपल्या वस्तीत आनंदाला तोटा नसतो. शेजारपाजारच्या बाया बघायला येतात, नाक आईचे की आत्याचे यावर चर्चा झडते, नामकरणाचा दिवस ठरतो. ऐपतीपेक्षा चार पैसे जास्त खर्चून पाळणा आणला जातो, वर टांगायला रंगीत चिमण्या आणल्या जातात. हे सगळे होते. पण त्या बाळाशी बोलते कोण? दूध पाजले, न्हाऊ घातले, दुपट्यात गुंडाळून निजवले की काम संपले, असेच बहुतेक घरांत धरले जाते. बुधवार पेठेतल्या काही घरांत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एका आजीबाईंनी आम्हालाच उलट विचारले, "मुठीएवढं लेकरू ते, त्याला काय कळतंय ओ?"

भगिनींनो आणि बंधूंनो, आजच्या सदरात याच प्रश्नाचे उत्तर द्यायचा आमचा प्रयत्न आहे. कारण 'त्याला काय कळतंय' या एका समजुतीपायी आपल्या लेकरांचे पहिले दोन-तीन महिने फुकट जातात.

बाळाला कळते, आणि बरेच कळते. शेवटच्या काही महिन्यांत ते पोटात असतानाच ऐकत असते. अमेरिकेतील संशोधक डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली अगदी दोन-तीन दिवसांच्या बाळांवर एक प्रयोग केला. बाळाच्या तोंडात चोखणी दिली आणि ती एका ठरावीक लयीत चोखली की आईचा आवाज ऐकू येईल, दुसऱ्या लयीत चोखली की परक्या बाईचा, अशी व्यवस्था केली. बाळांनी आईचा आवाज यावा म्हणून चोखण्याची लय बदलली! आईच्या अंगाचा आणि दुधाचा वासही बाळ पहिल्या आठवड्याभरात ओळखू लागते. त्याची नजर अजून कच्ची असते, पण वीसेक ते तीस सेंटिमीटरवरचे, म्हणजे साधारण वीतभरापासून थोड्या पुढचे, त्याला बरे दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून आम्ही म्हणतो की तान्ह्याचे पहिले खेळणे बाजारात मिळत नाही. ते आईच्या, बापाच्या, आजीच्या खांद्यावरच असते. ते म्हणजे आपला चेहरा.

मग खेळायचे म्हणजे काय करायचे? खेळ म्हणजे देवाणघेवाण. बाळ तुमच्याकडे टक लावून पाहते, तुम्ही हसता. ते 'आऽ' करते, तुम्ही 'आऽ' करता आणि थांबता. थांबणे महत्त्वाचे आहे. बाळाला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनात पाच-सहा आकडे मोजावेत, तेवढ्यात ते ओठ हलवते, पाय झाडते, भुवया वर करते. हेच त्याचे बोलणे. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, ही माणसामाणसातली रीत ते इथेच शिकते. जन्मतः बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जेमतेम पाव असतो आणि पहिल्या वर्षभरात तो साधारण दुप्पट होतो. या वाढीला दूध लागते, तशी ही देवाणघेवाणही लागते. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत आपण टाकून दिली आहे. मग लेकराच्या वाढीला आपला हातभार किती, हेही आपणच ओळखले पाहिजे.

ही देवाणघेवाण तुटली तर काय होते? एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात काही महिन्यांच्या बाळांच्या आयांना एक गोष्ट करायला सांगितली. आधी बाळाशी नेहमीसारखे हसून बोलायचे आणि मग काही वेळ चेहरा दगडासारखा ठेवून नुसते पाहत बसायचे. बाळ आधी हसून आईला बोलवायला बघते, हातपाय हलवते, मग कावरेबावरे होते, तोंड फिरवते, रडते. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू सावरते. आज अनेक घरांत हा प्रयोग रोज होतो. फरक एवढाच की चेहरा मोबाइलकडे असतो. पण या प्रयोगातून दिलासाही मिळतो. आई कधी दमते, कधी तिचे लक्ष नसते, त्याने लेकराचे वाटोळे होत नाही. पुन्हा वळून बोलले की तुटलेला धागा जुळतो. तो रोज जुळत राहिला म्हणजे झाले.

आता रोजच्या रोज काय करता येईल ते सांगतो. यासाठी वेगळा वेळ किंवा पैसा लागत नाही.

पाजताना बाळाच्या डोळ्यांत पाहावे, त्याचे नाव घेऊन दोन शब्द बोलावे. न्हाऊ घालण्याआधी पायावर घेऊन तेल लावताना 'हा बघ तुझा हात, हा बघ पाय' असे सांगत हलक्या हाताने चोळावे. जोर लावू नये, सांधे ओढू नयेत, नाकाकानात तेल सोडू नये. अंग पुसून झाल्यावर धुरी देऊ नये आणि डोळ्यांत काजळही घालू नये. नजर लागते म्हणून गालाला तीट लावण्यापेक्षा आपणच बाळाला नजर द्यावी, हे बरे. बाळ जागे आणि शांत असेल तेव्हा आपला चेहरा जवळ आणून सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावा. ते डोळ्यांनी मागोवा घेते. चिमण्यांचे खेळणे असेल तर चालेल, नसेल तर पांढऱ्या कापडावर कोळशाने ठळक पट्टे ओढून ते समोर धरावे. तान्ह्या डोळ्यांना फिक्या रंगांपेक्षा काळे-पांढरे लवकर दिसते. आपली सोलापुरी चादर जमिनीवर दुहेरी अंथरून त्यावर किंवा आपल्या छातीवर बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, एक-दोन मिनिटे पालथे ठेवावे, म्हणजे मानेला बळ येते. हे मात्र ते जागे असताना आणि आपली नजर असतानाच. निजवायचे ते नेहमी उताणेच. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाळाला दुपट्यात घट्ट आवळू नये. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्यालाही अपाय होतो. सुती झबले घालून हातपाय मोकळे सोडावेत. हातपाय झाडणे हाही त्याचा खेळच आहे.

अंगाई यावी लागते असे नाही. आवाज गोड नसला तरी बाळ तक्रार करत नाही. बोली कोणतीही असो, मराठी असो, तेलुगू असो की कानडी. घरात जी बोलतात त्याच बोलीत बोलावे.

कधी थांबायचे हेही कळले पाहिजे. बाळ तोंड फिरवू लागले, जांभया देऊ लागले, उचकी लागली, मुठी आवळून अंग ताठ केले, की त्याचे पोट खेळाने भरले असे समजावे. तान्हे बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते. जागेपणी ते शांत असते तो वेळ थोडाच. तेवढीच पाच-दहा मिनिटे पकडायची. बाळाला वर उडवून झेलणे किंवा रडते म्हणून जोराने हलवणे हा खेळ नव्हे. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. 'सारखं उचललं की सवय लागते' असेही ऐकू येते. पहिल्या काही महिन्यांत रडणाऱ्या बाळाला जवळ घेतल्याने ते लाडावत नाही. हाक मारली की कोणीतरी येते, एवढा विश्वास त्याला बसतो.

इथवर वाचून एखादी भगिनी म्हणेल, 'हे सगळं घरी बसणारीला. आमचं काय?' प्रश्न रास्त आहे. सोलापुरात विडीच्या कामावर हजारो घरे चालतात. कुंभारीला विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, यावरूनच त्यांची संख्या ध्यानात यावी. मजुरी हजार विड्यांवर मिळते. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. मग मांडीवर लेकरू कुठे मावणार? पण भगिनींनो, हात गुंतले तरी तोंड मोकळे असते. बाळाला तंबाखूची धूळ पोचणार नाही, पण तुमचा आवाज पोचेल, अशा जागी ठेवावे आणि काम करता करता बोलत राहावे. पाजायला उठताना साबणाने हात स्वच्छ धुवावेत, कामाचे लुगडे किंवा वरचे फडके बदलावे आणि मगच बाळाला घ्यावे. ती दहा मिनिटे विडीची नव्हेत, बाळाची.

अर्थात सगळा भार आईवर टाकून मोकळे व्हावे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. बाळंतिणीला वेळ मिळणे हा तिचा हक्क आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली आहे. पण घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईच्या उंबऱ्याशी ती रजा क्वचितच पोचते. कायदा पोचेपर्यंत निदान घराने तरी तिला रजा द्यावी. सासूबाईंनी सुनेला आणि नवऱ्याने बायकोला दिवसातून तासभर कामातून सोडवले, तर तो तास लेकराच्या अंगी लागेल.

आणि बापांनो, तुम्हीही ऐका. 'मान धरत नाही तोवर मी घेत नाही' असे सांगून बाजूला होऊ नका. एक हात मानेखाली आणि एक हात कमरेखाली दिला की झाले. यंत्रमागावरून आलात, रिक्षा लावून आलात, तर हातपाय धुऊन, कपडे बदलून बाळाला छातीशी घ्या. तुमचा जाड आवाज आईच्या आवाजापेक्षा वेगळा आहे, हे ते लवकरच ओळखते. माया रक्तातून आपोआप येत नाही, ती रोजच्या जवळिकीने रुजते. सावित्रीमाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी १८७४ साली जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे तो डॉक्टर झाला.

बाळ कमी वजनाचे असेल तर ही जवळीक औषधाचेच काम करते. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बांधून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत कोलंबिया देशात १९७८ साली सुरू झाली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवल्याने मृत्यूंचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्याचे दिसले. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे बापाला आणि आजीलाही करता येते.

एक गोष्ट घरच्यांनी डोळसपणे पाहावी. बाळंतपणानंतर काही बाया उदास होतात, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, उगाच रडू येते. दोन आठवडे झाले तरी हे सरत नसेल तर 'नखरे करते' असा टोमणा न मारता डॉक्टरांकडे न्यावे. तो आजार आहे आणि बरा होतो.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना नुसते वजन करून पाठवू नका, चार प्रश्न विचारा. दीड-दोन महिन्यांचे बाळ आपल्या हसण्याला हसून उत्तर देऊ लागते. तीन महिने झाले तरी ते हसत नसेल, चेहऱ्याकडे पाहत नसेल, भांडे पडले तरी दचकत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातून, पालघरहूनच सुरू झाला. त्यात अशा बाळांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडी ताईंना विचारून लवकर दाखवा. ऐकण्यातला, पाहण्यातला दोष जितका लवकर कळेल, तितके लेकरू पुढे जाईल.

शेवटी एकच. मुलगी झाली म्हणून पाळण्याकडे पाठ फिरवणारी घरे अजून आहेत. मुलाला घरातले दहा जण उचलतात आणि मुलगी दिवसभर छताकडे पाहत पडून राहते. तिला बोलणे कळत नाही असे मानू नका. आपल्याशी कोण बोलते आणि कोण बोलत नाही, हे ती पहिल्या दिवसापासून शिकत असते. तिच्याजवळ बसा, चेहरा जवळ न्या, तिच्या नावाने हाक मारा आणि क्षणभर थांबा. ती उत्तर देईल.