मत वर बघून दिलं, मग खासदार कशाला ठेवलाय?



आज पिकाची नोंद नाही. काल पारावर कांद्याचं बोलणं निघालं. मी म्हटलं, खासदाराला विचारू. तर एक पोरगं म्हणालं, "त्याला काय विचारता काका? मत तर आपण वर बघून दिलंय." सगळे हसले. मला हसू आलं नाही. आपलं नुकसान नेमकं इथंच होतंय.

पंतप्रधान आपण निवडत नाही, खासदार निवडतो. आता गावचा सरपंच आपण थेट निवडतो, पूर्वी सदस्य निवडायचे. पंतप्रधान अजून त्या जुन्या पद्धतीचाच सरपंच आहे. लोकसभेत बहुमत पाठीशी आहे तोवर खुर्ची. घटनेचं कलम ७५ सांगतं की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. एका खासदाराच्या मताची एवढी किंमत! आपण 'वर बघून' ती मातीमोल केली.

तीन कृषी कायदे आठवा. तुम्ही बाजूने होता की विरोधात, तो वाद आज नको. ५ जून २०२० ला अध्यादेश निघाले. सप्टेंबरमध्ये विधेयकं आली, ती निवड समितीकडे गेलीच नाहीत. राज्यसभेत २० सप्टेंबरला मतांची मोजणी मागितली गेली, तरी आवाजी मतदानावर भागवलं. पुढं दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसले. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी टीव्हीवरून कायदे मागे घेतल्याचं सांगितलं आणि २९ तारखेला दोन्ही सभागृहांत चर्चेविना ते रद्द झाले. म्हणजे कायदे येताना घाई आणि जाताना चर्चाच नाही. ज्यांना कायदे हवे होते तेही फसले, ज्यांना नको होते त्यांनी वर्ष रस्त्यावर काढलं. जे बोलणं सभागृहात व्हायचं ते रस्त्यावर झालं.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. १९७५ ला इंदिराबाईंनी आणीबाणी लावली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून पुढं ४४ वी घटनादुरुस्ती करून लिहावं लागलं की मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय आणीबाणी नाही. एकट्याच्या हातात सगळं गेलं की काय होतं, ते देशाने पाहिलंय.

कोणी म्हणेल, नेता खंबीर पाहिजे. पाहिजेच की! पण पंतप्रधानाचं काम काय? मंत्री निवडणं, दिशा ठरवणं आणि खात्याखात्यांत मेळ घालणं. कांद्याचंच घ्या. कृषी खातं उत्पादकाचं बघतं, ग्राहक खात्याला कांदा स्वस्त हवा, निर्यात वाणिज्य खात्याकडे, निर्यातशुल्क अर्थ खात्याकडे. पंतप्रधान हा तराजू धरणारा. ग्राहकाच्या पारड्यात शहरं बसलेलीच असतात. आपल्या पारड्यात वजन टाकायचं ते आपल्या खासदाराने. तो गप्प बसला तर तराजू कलणारच. डिसेंबर २०२३ मध्ये एका अधिसूचनेवर कांदा निर्यात बंद झाली. त्यासाठी संसदेत मतदान लागलं नाही.

"पण खासदाराला व्हिप असतो ना?" असतो. १९८५ च्या पक्षांतर कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. पण व्हिप मतदानाला असतो. लेखी प्रश्न टाकायला, शून्य प्रहरात उभं राहायला, समितीत भांडायला व्हिप आड येत नाही. धाक असेल तर तो तिकिटाचा. आपला धाक त्याहून मोठा पाहिजे.

तेव्हा एक काम करा. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराने विचारलेले प्रश्न बघायला मिळतात. आपल्याने कांदा, कापूस, सोयाबीन, पीकविमा यावर किती विचारले ते काढा. कागदावर लिहून खिशात ठेवा. साहेब लग्नाला, दशक्रियेला गावात आले की तो कागद पुढं करा. भांडू नका, नुसतं विचारा.

पंतप्रधानाला सभागृहात प्रश्न विचारणारा माणूस आपण पाठवलाय. त्यानेच विचारलं नाही, तर पंतप्रधानाला दोष देऊन आणि हार घालून, दोन्हीचा काही उपयोग नाही.

पटलं नसेल तर खाली लिहा. उद्या परत पिकाचं बोलू.