तेलाचा हिशेब आणि माणसाचा

उपाहारगृहाच्या मोरीपुढे एक टाकी असते. तिला ग्रीज ट्रॅप म्हणतात. भांडी धुतलेले पाणी तीत निवते, तेलतूप वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी गटाराला लागते. ती वेळेवर उपसली नाही तर चरबी गटारातच थिजते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा २५० मीटर लांबीचा, १३० टनांचा गोळा सापडला होता. अमेरिकेतील अनेक शहरांत टाकीचा चतुर्थांश भाग चरबीने व गाळाने व्यापला की ती साफ करणे मालकावर बंधनकारक आहे. सफाई केव्हा झाली, गाळ किती निघाला, कोठे नेला, याची नोंदही त्याला ठेवावी लागते.

नोंदीचे महत्त्व आपल्या राज्यकर्त्यांना कळत नाही असे नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी १ मार्च २०१९ पासून त्याचा हिशेब ठेवावा आणि वापरलेले तेल अधिकृत संस्थांनाच द्यावे, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आदेश आहे. आदेश योग्यच आहे. त्या तेलाचे बायोडिझेल होते. त्याला बाजारात भाव आहे. गाळाला भाव नाही, आणि तो उपसणाऱ्याला तर त्याहून नाही.

बंद टाकीत कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो वाढला की नाकाला वासच येईनासा होतो. उतरलेल्या माणसाला संकटाची चाहूलही लागत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये गुजरातेत डभोईजवळ एका हॉटेलची मैल्याची टाकी साफ करताना सात जण गुदमरून मेले. चौघे सफाई कामगार, तिघे हॉटेलचेच नोकर. संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. पण मालक ठेकेदाराकडे आणि ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवू लागला, की मेलेला माणूस कोणाचा हेच वारसांना सिद्ध करावे लागते. बहुतेक वेळा तो दलित असतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पालिकांनी प्रत्येक हॉटेलात सफाईची वही सक्तीची करावी. तीत तारीख आणि गाळाचे माप तर असावेच. शिवाय काम यंत्राने झाले की हाताने, कामगाराचे नाव काय, त्याला मजुरी कोणी दिली, हेही मालकाच्या सहीनिशी लिहिलेले असावे. हॉटेल कामगारांच्या आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी ही मागणी एकत्र येऊन रेटावी. कार्यकर्त्यांनी दोघांना बरोबर घेऊन प्रभाग कार्यालयात जावे आणि परवाना तपासताना ही वही पाहिली जाईल, असे लेखी मागावे.