शनवार तेल्यांचा दुसरा वारसा

पाटोद्याच्या पेठेंत बसणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं जन्मांत एकहि यहुदी माणूस पाहिला नसेल. त्यामुळें ‘यहुदी’ हा शब्द निघतांच त्यांच्या मनांत दोनच गोष्टी येतात. एक जर्मनांनीं केलेलें हत्याकांड, आणि दुसरी इस्रायल राष्ट्र व त्याचीं युद्धें. ह्या दोहोंच्या आड एक तिसरी गोष्ट झांकली गेली आहे. ती आपणां बीड जिल्ह्यांतील लोकांनीं अवश्य ऐकावी असें आम्हांस वाटतें, म्हणून आजची जागा आम्ही तिला देत आहों. बाजारभाव व निवडणुकीची चर्चा शोधणाऱ्या वाचकांनीं एक दिवस क्षमा करावी.

सन 1897 च्या ऑगस्ट महिन्यांत स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं झायनवाद्यांची पहिली परिषद भरली. यहुद्यांस स्वतःची भूमि पाहिजे, हा तिचा घोष. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रशियन साम्राज्यांतील व्हिल्ना शहरीं मूठभर माणसें पोलिसांची नजर चुकवून एकत्र जमलीं आणि त्यांनीं यहुदी कामगारांचा संघ स्थापिला. ‘बुंद’ ह्या नांवानें तो प्रसिद्ध झाला. शिंपी, चांभार, विणकर, कुंचल्यांसाठीं डुकराचे केस निवडणारे मजूर, असे ह्या संघाचे सभासद होते. त्यांचें म्हणणें असें कीं, आमचा देश दूर कोठें नाहीं. आम्ही जेथें राबतों, जेथें आमचे वाडवडील पुरले आहेत, तेथेंच आमचा हक्क व तेथेंच आमचा लढा. ह्या विचारास त्यांच्या भाषेंत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘येथलेपणा’ असा करतां येईल.

ह्यांतील पुष्कळ जणांनीं देवळाची वाट सोडली होती. उपासाच्या दिवशीं ते उघडपणें जेवीत, आणि रब्बी त्यांस शिव्याशाप देत. तथापि ‘आम्ही यहुदी नाहीं’ असें ते कधीं म्हणाले नाहींत. धर्म गेला तर मग राहिलें काय, असें कोणी विचारल्यास ते आपल्या भाषेकडे बोट दाखवीत. यिद्दिश ही त्यांची बोली. पंडितांनीं गांवढळ म्हणून हिणविलेली, चुलीपाशीं व बाजारांत बोलली जाणारी. तिच्यांत त्यांनीं वर्तमानपत्रें काढिलीं, शाळा चालविल्या, वाचनालयें उभारिलीं. ज्या जिल्ह्यांत मुकुंदराजांची समाधि आहे, त्या जिल्ह्याच्या लोकांस पंडितांची भाषा टाकून लोकांच्या भाषेंत बोलण्याचें मोल निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ह्या संघाची शक्ति लहान नव्हती. सन 1938 च्या डिसेंबरांत वॉर्सा शहराच्या नगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हां यहुदी पक्षांस मिळालेल्या 20 जागांपैकीं 17 एकट्या बुंदनें जिंकिल्या. पुढील वर्षीं हिटलरचें सैन्य आलें. सन 1943 मध्यें वॉर्साच्या कोंडवाड्यांतील यहुद्यांनीं जें बंड केलें, त्याच्या नायकांपैकीं मारेक एडेलमन हा बुंदचा तरुण होता. तो वांचला आणि सन 2009 मध्यें मरेपर्यंत पोलंड सोडून गेला नाहीं. संघाचे दोन वडील पुढारी, एर्लिख व आल्टर, हे मात्र नाझींच्या हातून मेले नाहींत. ते स्टालिनच्या कैदेंत संपले. एकानें आत्महत्या केली, दुसऱ्यास गोळी घातली. समाजवादाच्या नांवानें चाललेल्या राज्यांत समाजवाद्यांची ही गत झाली, हें आमच्या येथील लाल झेंड्याच्या मित्रांनीं विसरूं नये.

‘येथलेपणा’ सांगणाऱ्यांस ‘येथें’ म्हणजे अखेर भट्टीच मिळाली, असा आक्षेप झायनवादी घेतात. तो हलका नाहीं, व आम्ही तो उडवून लावीत नाहीं. परंतु शेजारी खुनी निघाला म्हणून शेजारधर्मच खोटा ठरतो काय? ह्या प्रश्नाचें उत्तर युरोपांत शोधण्यापेक्षां आपल्या कोंकणांत शोधलेलें बरें.

रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यांतील नवगांवापाशीं फुटलेल्या गलबतांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांची आम्ही संतति, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं तो बंद ठेवीत. म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. राजपूरकर, केहीमकर, एरूलकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें पाहतांच माणूस कोणत्या मातींतला हें कळतें. कीर्तन मराठी, लुगडें मराठी, आणि दुर्दैवानें दोषहि मराठी; ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा दोन तडांत एकमेकांशीं बेटीव्यवहार न करण्याची रूढि त्यांनीं आपल्याच शेजाऱ्यांपासून उचलली. कांहीं जण इस्रायलांत गेले, तेव्हां सन 1962 पासून तेथील धर्मपीठानें लग्नाच्या वेळीं त्यांच्याच कुळाची चौकशी आरंभिली. दोन वर्षें झगडून, रस्त्यावर बसून, सन 1964 मध्यें त्यांनीं आपला समान हक्क मान्य करून घेतला. इतरांस ज्या मापानें मोजलें त्याच मापानें आपण मोजले गेलों, हा धडा कडू खरा, पण त्यांनीं लढा सोडला नाहीं.

ह्या समाजांत बुंद कधीं झाला नाहीं. येथें त्यांचा छळ झाला नाहीं, मग छळाविरुद्ध संघ कशाला निघेल? परंतु त्याच वृत्तीचीं माणसें मात्र निघालीं. डॉक्टर अब्राहाम सॉलोमन एरूलकर हे गांधीजींच्या उपचारकांपैकीं एक होते. कवि निसीम इझिकिएल (1924 ते 2004) हे बेने इस्रायल घराण्यांतले. तरुणपणीं मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षांत त्यांनीं काम केलें. ते इंग्रजींत लिहीत, पण इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजींत नेण्यास त्यांनींच हात लाविला. आपण यहुदी आहों हें त्यांनीं लपविलें नाहीं, आणि मुंबई सोडून अन्यत्र आपलें घर आहे असेंहि मानिलें नाहीं.

तिसरें नांव मीरा महादेवन ह्यांचें. माहेरच्या त्या मिरियम मेंद्रेकर. इस्रायलास जावें कीं येथेंच राहावें, ह्या एकाच प्रश्नानें दुभंगलेल्या यहुदी घराची कथा त्यांनीं हिंदींत लिहिली. स्वतः त्या राहिल्या. सन 1969 मध्यें गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचें बांधकाम दिल्लींत राजघाटापाशीं चाललें असतां, विटा वाहणाऱ्या स्त्रियांचीं तान्हीं मुलें धुळींत पडलेलीं त्यांनीं पाहिलीं. गांधींच्या नांवानें इमारत, आणि तिच्या पायाशीं हें दृश्य! त्यांनीं तेथेंच एक तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलें. पुढें बांधकाम जेथें जाई तेथें पाळणाघर जाई, अशी ‘मोबाइल क्रेशेस’ संस्था त्यांतून उभी राहिली, व सन 1977 मध्यें मीराबाई वारल्यावरहि ती चालली.

आतां आमच्या दाराकडे पाहूं. दसरा-दिवाळी झाली कीं पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर येथील वाड्यावस्त्या ओस पडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल, आणि मग सहा महिने परमुलखांत उंसाच्या फडावर. लेकरें बरोबर जातात. शाळेच्या पटावर नांव राहतें, मूल पाचटांत असतें. सन 2019 मध्यें शासनाच्या समितीनें बीड जिल्ह्यांतील सुमारें 82 हजार ऊंसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां 13 हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. हा आंकडा वाचून आम्हांस रात्रीं झोंप आली नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. आली, आणि त्याचीच आम्हांस लाज वाटते.

पेठेंतील कित्येक व्यापारी म्हणतील, हें काम सरकारचें व कारखान्यांचें, आमचें नव्हे. परंतु उचलीचा पैसा प्रथम कोणाच्या गल्ल्यांत येतो? जातांना लागणारें पीठमीठ, ताडपत्री व चपला कोण विकतो? परत आलेल्या मजुराच्या हातांतील रोकड कोणाची उधारी फेडते? त्याच मजुराच्या जिवावर आपली दुकानें उभीं आहेत. हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे; ती प्रत्येक गांवीं वेळेवर उघडते कीं नाहीं, मुलांस पोटभर मिळतें कीं नाहीं, हें पाहण्यास सरकारी हुकूम लागत नाहीं. आणि जीं तान्हीं मुलें मागें ठेवतां येत नाहींत त्यांच्यासाठीं फडावर पाळणाघर पाहिजे, ही अट येथून कारखान्यांकडे लेखी गेली पाहिजे. ती व्यापारी मंडळाच्या सह्यांनिशीं गेली तर तिला वजन येईल.

सन 2011 च्या शिरगणतींत साऱ्या हिंदुस्थानांत यहुदी पांच हजारांहूनहि कमी भरले, आणि महाराष्ट्र शासनानें त्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली ती सन 2016 मध्यें. एवढ्याशा समाजांतील एका बाईनें परक्यांच्या लेकरांसाठीं तंबू ठोकिला. आमच्या तालुक्यांतून जाणारीं लेकरें तर आमचींच आहेत. यंदाचे ट्रक निघण्यास फार दिवस उरले नाहींत. सह्यांचा कागद आमच्या कचेरींत ठेविला आहे, आणि दुकान बंद झाल्यावरहि कचेरी उघडी असते.