मोबाइलवरचे कर्ज आणि बाजारातली पत

मालेगाव-भिवंडीत सुताला पैसे कमी पडले की कारागीर आता मोबाइलच्या अ‍ॅपकडे वळतो. हिशोब पाहा. मंजूर 5,000, फी कापून हातात 3,000, सातव्या दिवशी परत 5,000. आठवड्याला शेकडा 66 च्या वर! गल्लीतला सावकारही लाजेल. पण खरे गहाण पडतात ती फोनमधली नावे. हप्ता चुकला की सुताच्या व्यापाऱ्याला, व्याह्यांना शिवीगाळीचे फोन जातात, आणि आपला धंदा तर उधारीवरच उभा. कर्जाच्या अ‍ॅपने ही नावे घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2022 साली मनाई केली. जे अ‍ॅप ती मागते, ते तिथेच काढून टाकावे. पैसे कोणती बँक किंवा वित्तसंस्था देते, हे आधी पाहावे. त्यांनी कळवलेल्या अ‍ॅपची यादी 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. धमकी आली तर पोलिसांत किंवा 1930 वर तक्रार करावी, दुसऱ्या अ‍ॅपचे कर्ज काढून पहिले फेडू नये.