किनारा राखला, जाळ्याचं काय?

जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या परावर धातूची पट्टी सापडली. क्रमांक 03233. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी ती मार्च 2021 मध्ये ओडिशात ठोकली होती. त्याआधी 2023 मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. आता तिकडची इकडे आली. पूर्वेची कासवं वेगळी, आपली वेगळी, या जुन्या समजाला सुरुंगच लागला म्हणायचा.

किनाऱ्यावरचं काम कोकणानं मनापासून केलंय. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळास गावात कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, तेव्हा अंडी माणसंही पळवत आणि कोल्ही-कुत्रीही. आज पिल्लं पाण्यात जाताना बघायला पुण्या-मुंबईची गर्दी होते, गावातल्या घरांत पाहुणे उतरतात. उत्तमच. पण पिल्लू लाटेत शिरलं की आपण टाळ्या वाजवून उकडीच्या मोदकांकडे वळतो. पुढचं सगळं आयुष्य ते जिथं काढतं, तिथं प्रेक्षक नसतात.

कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. ट्रॉलरचं जाळं तासन्‌तास ओढलं जातं, आत अडकलेलं कासव गुदमरतं. यावर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं कधीच तोडगा काढलाय: जाळ्याच्या शेवटच्या पिशवीआधी तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते. कासव गजांवर आदळतं आणि झापेतून बाहेर पडतं.

मग बसवत का नाहीत? त्याच झापेतून थोडी कोळंबीही निसटते. डिझेलच्या भावानं मेटाकुटीला आलेल्या तांडेलाला ‘निसर्ग वाचव’ सांगणं सोपं आहे. आपल्या ताटातली कोळंबी महाग झाली तर आपण काय म्हणू, ते बघायला हवं. तिकडे अमेरिकेनं याच चौकटीवरून समुद्रातली भारतीय कोळंबी घेणं थांबवलं. म्हणजे तोटा आजही होतोच आहे.

महाराष्ट्रानं 2018 च्या अखेरीस एक शहाणपणा केला. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला 25 हजारांपर्यंत भरपाई. त्यामुळे व्हेल शार्क सुटले, कासवंही सुटली. हाच न्याय चौकटीला लावा. नुसतं सक्तीचं परिपत्रक काढलंत तर चौकट बंदरात तपासणीपुरती दिसेल आणि खोल पाण्यात पोचताच काढून ठेवली जाईल.

पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या काही ट्रॉलरवर सरकारी खर्चानं चौकटी बसवाव्यात. हंगामभर किती कोळंबी निसटली, हे तांडेलांच्या देखत तोलावं आणि तेवढे पैसे त्यांच्या हातावर ठेवावेत. मग सक्तीचं बोलू.