ढाल स्वस्त, निगा महाग

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना पत्नीचे दागिनेही पणाला लावावे लागले. धंदा बुडाला तरी घर बुडू नये, याचसाठी मर्यादित कंपनीची योजना आहे; भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांच्या रकमेपुरतीच.

सातपूर-अंबडच्या तरुण उद्योजकास ही ढाल आज थोडक्यात मिळते. २०१५ च्या दुरुस्तीने किमान १ लाख भांडवलाची अट गेली. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर केंद्राचे नोंदणीशुल्क नाही. राज्याचे मुद्रांकशुल्क, डिजिटल सही आणि सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाचे प्रमाणन, एवढाच मुख्य खर्च उरतो.

आम्ही सावध करू इच्छितो ते पुढील खर्चाविषयी. उलाढाल शून्य असली तरी वार्षिक लेखापरीक्षण चुकत नाही. ताळेबंद वा वार्षिक विवरण निबंधकाकडे वेळेत न गेल्यास प्रत्येकी दररोज १०० रुपये चढत राहतात. शिवाय कर्जासाठी संचालकाने वैयक्तिक हमी दिली, की तेवढ्यापुरती ढाल गळून पडते व घर पुन्हा पणाला लागते.

म्हणून काटकसरी उद्योजकाने नोंदणीचा नव्हे, पहिल्या दोन वर्षांच्या निगेचा खर्च आधी बाजूला ठेवावा. आणि हमीपत्रावर सही करण्यापूर्वी घरच्यांशी बोलावे. दाखला मिळविणे सोपे आहे. त्याचा मान राखणे हाच खरा उद्योग होय.