विकलेला माल आणि क्रियापदाचे तिसरे रूप

दापोलीच्या पेठेतले, किंवा कोकणातल्या कोणत्याही पेठेतले, एखादे बिलबुक उलटून पाहावे. तळाशी बारीक टाइपात एक इंग्रजी वाक्य बहुधा सापडतेच : ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’ व्यापारी कुटुंबातल्या मुलाच्या दृष्टीस पडणारे इंग्रजी कर्मणी प्रयोगाचे पहिले वाक्य कदाचित हेच असावे. शाळेतले व्याकरण त्याच्या वाट्याला पुष्कळ नंतर येते. हेच वाक्य हाताने लिहिण्याची वेळ आली की ‘टेकन’चे ‘टेक’ होते, ‘सोल्ड’चे ‘सोल’ होते, आणि छापखान्यातही ते कोणाच्या लक्षात येत नाही.

इंग्रजी कर्मणी रचनेत दोन क्रियापदे एकत्र नांदतात. पहिले ‘बी’ या साहाय्यक धातूचे एखादे रूप, दुसरे मुख्य क्रियापद. काळ आणि वचन सांभाळण्याचा सारा भार पहिल्यावर असतो : ‘इज’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘हॅज बीन’, ‘इज बीइंग’, ‘विल बी’. दुसरे मात्र कायम तिसऱ्याच रूपात असते, मग वाक्य कालचे असो वा उद्याचे. पेढीवरचा मुनीम रोज तारीख बदलतो, पण भिंतीवरची पाटी बदलत नाही, तसा हा प्रकार आहे.

मग चूक होते कोठे? ‘द गुड्स विल बी सेंड टुमॉरो’ हे व्यापारी पत्रांतले नेहमीचे वाक्य घ्या. दोष मराठीच्या माथी मारण्याची रीत आहे. येथे तो अन्याय आहे. मराठीत ‘माल उद्या पाठवला जाईल’ असेच म्हणतात. वाक्य भविष्यकाळाचे असूनही ‘पाठवला’ हे भूतकाळी वळणाचे रूप तेथे निःसंकोच येते. मराठी कानावर विसंबून लिहिणारा ‘सेंट’पर्यंत आपोआप पोहोचला असता. त्याला अडवतो तो शाळेत अर्धवट पाठ झालेला नियम : ‘विल’नंतर पहिले रूप. नियम खरा आहे, पण ‘विल’नंतरचे ते पहिले रूप म्हणजे ‘बी’. तेथे नियमाचे काम संपले. ‘सेंड’पर्यंत त्याची सत्ता पोहोचत नाही.

मराठीमुळे होणारी चूक निराळी आहे. मराठीत ‘त्याने पेटी फोडली’ आणि ‘पेटी फोडली गेली’ या दोन्ही वाक्यांत ‘फोडली’ हे एकच रूप चालते. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘ब्रोक’ हवे, दुसऱ्याला ‘ब्रोकन’. सुदैवाने व्यापारात ज्यांवाचून पान हलत नाही, त्या बहुतेक क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपे सारखीच आहेत : पेड, सेंट, सोल्ड, बॉट, मेड, लेंट, लॉस्ट. वेगळी आहेत ती थोडी : टेकन, गिव्हन, रिटन, ब्रोकन, चोझन, शोन, स्टोलन. विम्याच्या दाव्यात ‘बॉक्सेस वेअर ब्रोक’ लिहिले तरी अर्थ कळतो, पण वाचणाऱ्याच्या मनात लिहिणाऱ्याची किंमत उतरते.

दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. शेतीवरच्या इंग्रजी प्रबंधांत कर्मणी वाक्यांची रेलचेल असते : बी पेरले गेले, खत दिले गेले, झाडे वाढवली गेली. त्यातले ‘पेरलेले’ आणि ‘शिवलेले’ यांची इंग्रजी तिसरी रूपे कानाला एकच, ‘सोन’, फरक फक्त स्पेलिंगमध्ये. शेतकरी आणि शिंपी यांना इंग्रजीने एकाच पंगतीला बसवले आहे.

मराठीतला जुना कर्मणी प्रयोग जैन वाचकांना अनोळखी नाही. श्रवणबेळगोळ येथे सुमारे ५७ फूट उंचीच्या गोम्मटेश्वराच्या पायथ्याशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा मराठी लेख कोरलेला आहे. मराठीच्या प्राचीन शिलालेखांत तो गणला जातो. ‘चावुण्डराजें’ म्हणजे चावुण्डराजाने. कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माला धरून. त्याच्या शेजारीच सुत्तालय, म्हणजे भोवतालची आवारबंदी, गंगराजाने करविल्याची नोंद आहे. तिचीही रचना हीच. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात प्रयोगांची कसून चिकित्सा केली. हे दामले कवी केशवसुतांचे धाकटे बंधू, रत्नागिरी जिल्ह्यातले. ‘केले गेले’, ‘पाठवले जाईल’ हे वळण पाठ्यपुस्तकांत नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणून शिकवतात आणि इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसशी त्याची तुलना करतात.

जुन्या आणि नव्या रचनेत एक मोठा भेद आहे. ‘चावुण्डराजें करवियलें’ यात कर्ता उघड उभा आहे. ‘करण्यात आले’ यात तो दिसेनासा होतो. इंग्रजीतही ‘बाय’ लावून कर्ता सांगता येतो, पण बहुतेक वेळा तो सांगितला जात नाही. ‘मिस्टेक हॅज बीन मेड’ असे लिहिणारी पेढी चूक मान्य करते आणि चुकणाऱ्याला झाकते. सांवत्सरिक क्षमापनेतल्या ‘मिच्छा मि दुक्कडं’ या शब्दांत ‘दुक्कडं’ म्हणजे दुष्कृत, वाईट रीतीने केले गेलेले. तेही कर्मणी धातुसाधितच. पण त्याच्या अलीकडे ‘मि’, म्हणजे ‘माझे’, बसलेले आहे. ते गाळून क्षमा मागता येत नाही.

पत्रव्यवहारात साहाय्यक क्रियापदाची गफलत तिसऱ्या रूपाच्या चुकीहून महाग पडते. ‘पेमेंट विल बी मेड’ म्हणजे पैसे दिले जातील. ‘पेमेंट इज बीइंग मेड’ म्हणजे देण्याचे काम चालू आहे. ‘पेमेंट हॅज बीन मेड’ म्हणजे दिले गेले. आंब्याच्या हंगामात बागाईतदाराला यांपैकी तिसरे वाक्य गेले आणि रक्कम मात्र आठवड्याने जमा झाली, तर त्याच्या लेखी ती व्याकरणाची चूक राहत नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘कूटलेखक्रिया’, खोटा लेख करणे, सांगितली आहे. अनवधानाने घडलेल्या चुकीला ते नाव लागत नाही हे खरे. परंतु कागद वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही, त्याला फक्त ‘हॅज बीन’ दिसते.

‘द कन्साइनमेंट वॉज अराइव्ह्ड’ हेही वाक्य वरचेवर भेटते. ‘अराइव्ह’ला कर्मच नाही, म्हणून त्याचा कर्मणी प्रयोगही नाही. माल ‘अराइव्ह्ड’, किंवा ‘हॅज अराइव्ह्ड’. तो ‘वॉज रिसीव्ह्ड’ मात्र होऊ शकतो. ‘हॅपन’चेही असेच. शंका आली की ‘काय?’ असा प्रश्न करून पाहावा. काय पाठवले, काय फोडले, याला उत्तर आहे. काय पोहोचले, याचे उत्तर कर्ताच निघतो.

राहिले बिलावरचे वाक्य. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे; कायद्याने मात्र त्याचा आधार काढून घेतला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठीची मुदत बिलावर छापलेली असेल ती, आणि छापलेली नसेल तर ३० दिवस. तेव्हा नवे बिलबुक छापायला टाकताना ‘डिफेक्टिव्ह गुड्स विल बी टेकन बॅक विदिन थर्टी डेज’ असे लिहून द्यावे, आणि प्रूफ आले की ‘टेकन’मधला शेवटचा ‘न’ जागेवर आहे ना, एवढे पाहावे.